मॅन बेटावर, सदतीस मैलांची एक फेरी

इंग्लंडमधल्या हेशमच्या धक्क्यावर बोटीचं पोट उघडलं होतं आणि त्यात मोटारसायकली शिरत होत्या. पन्नास, शंभर, मग मोजणं सोडून दिलं. खलाशी एकेक गाडी ओळीत लावत, सीटवर जाडसर गादी टाकत आणि वरून पट्टा आवळत. नंबरप्लेटा जर्मनीच्या, हॉलंडच्या, आयर्लंडच्या. एक तर थेट फिनलंडची. वर डेकवर आलो तर चामड्याचे सूट घातलेली माणसं चहा पीत बसलेली, आणि त्यातली निम्मी साठीच्या पुढची. मला वाटलं होतं, तरण्या पोरांचा गोंगाट असेल. इथे तर गुडघेदुखीच्या गोळ्यांची देवाणघेवाण चालली होती.

मला इथे ओढून आणलं ते भाच्याने. तो मँचेस्टरला नोकरीला. "मामा, तू कॉलेजपासून बाइकवर फिरतोयस आणि टीटी बघितली नाहीस, हे काही बरोबर नाही," असं दर दिवाळीला फोनवर ऐकवायचा. टीटी म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात 572 चौरस किलोमीटरचं मॅन नावाचं बेट आहे. तिथे मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत गावातले, शेतातले, डोंगरातले नेहमीचे रस्ते बंद करून जगातले पट्टीचे रायडर त्यावर शर्यत लावतात. 1907 पासून. एक फेरी 37.73 मैलांची, म्हणजे जवळजवळ 61 किलोमीटर. पुण्याहून लोणावळा गाठावं इतकं अंतर, दोनशेच्या वर वळणं, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, घरं, दिव्याचे खांब, आणि सर्वांत वेगवान फेरीला लागलेला वेळ साडेसोळा मिनिटांच्या थोडा वर. ती पीटर हिकमनने 2023 मध्ये मारली. सरासरी ताशी 136.358 मैल, म्हणजे 219 किलोमीटरहून जास्त. सरासरी, बरं का! कमाल वेग ताशी तीनशेच्या पार जातो.

शर्यत याच बेटावर का, याचं उत्तर मला वाटलं होतं त्याहून रुक्ष निघालं आणि म्हणूनच जास्त आवडलं. उत्तर कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये 1903 च्या मोटार कायद्याने वेगमर्यादा ताशी 20 मैलांवर आणून ठेवली होती, आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करायला तिथली संसद तयार नव्हती. गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यतीसाठी ब्रिटिश मोटारींचा संघ निवडायचा होता, पण चाचणी घ्यायची कुठे? तेव्हा ऑटोमोबाइल क्लबचे सचिव ज्युलियन ऑर्ड 1904 मध्ये मॅनला येऊन थडकले. हे बेट राजमुकुटाचं असलं तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याची स्वतःची संसद आहे, टिनवाल्ड. हजार वर्षांची परंपरा सांगणारी. गव्हर्नर होते लॉर्ड रॅग्लन, ऑर्ड यांचे नात्यातले आणि मोटारींचे शौकीन. काही आठवड्यांत कायदा झाला आणि रस्ते बंद करण्याची मुभा मिळाली. आधी मोटारी धावल्या, मग मोटारसायकली आल्या. सुसाट पळण्याची आवड सगळ्या देशांतल्या पोरांना असते. मॅनने त्यासाठी विधेयक मांडून मंजूर केलं, एवढाच फरक.

म्हणून आम्ही सुरुवात राजधानी डग्लसपासून न करता सेंट जॉन्स या खेड्यापासून केली. इथे टिनवाल्डची टेकडी आहे. गवताने झाकलेली, चार पायऱ्यांची, उंचीला अगदी बेताची. दरवर्षी जुलैत बेटाचे कायदे इथे उघड्यावर वाचून दाखवले जातात. 28 मे 1907 ला पहिली टीटी सुटली ती याच टेकडीजवळून. पंधरा-सोळा मैलांच्या वाटेवर दहा फेऱ्या, पंचवीस स्पर्धक, दोघादोघांच्या जोड्या सोडलेल्या. अर्ध्या वाटेवर दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती. बहुतेक गाड्यांना चामड्याचा पट्टा, चढ आला की मारायला सायकलसारखी पायटं. एक सिलिंडरच्या गटात मॅचलेसवर चार्ली कोलिअर जिंकला, सरासरी ताशी 38.21 मैलांनी. दोन सिलिंडरच्या गटात नॉर्टनवर रेम फाउलर. त्याच्या गाडीचं इंजिन प्यूजोचं होतं; वाटेत टायर फुटला, पडला, प्लग बदलले, पट्टे ताणले, तरी पहिला आला.

या पहिल्या शर्यतीतला एक नियम वाचून मी त्या टेकडीपाशी एकटाच हसत सुटलो. एक सिलिंडरच्या गाडीने गॅलनला 90 मैल द्यायलाच हवेत, दोन सिलिंडरच्या गाडीने 75. हिशेब केला तर लिटरला सुमारे 32 आणि 26.5 किलोमीटर. जगातल्या सर्वांत भयंकर शर्यतीचा आरंभ 'ॲव्हरेज किती देते?' या प्रश्नाने झाला होता. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा इतिहास अभिमानाने सांगता येईल. टूरिस्ट ट्रॉफी हे नावही तिथूनच आलं. शर्यत होती ती रस्त्यावर वापरायच्या, मडगार्ड आणि सायलेन्सर लावलेल्या गाड्यांची.

शर्यतीच्या वाटेत डोंगर आला 1911 मध्ये. स्नेफेल हे बेटावरचं सर्वांत उंच शिखर, 621 मीटर. त्याच्या खांद्यावरून जाणारा रस्ता तेव्हा मेंढपाळांचा, कच्चा, मध्ये फाटकं असलेला. पहाटेच्या सरावात जो पहिला जाईल त्याने उतरून फाटकं उघडत जायचं, अशी रीत असल्याचं सांगतात. पट्ट्यावर चालणाऱ्या, गिअर नसलेल्या गाड्यांचा या चढावर दम निघाला. चेन आणि दोन गिअर असलेल्या अमेरिकन 'इंडियन' गाड्यांनी सीनिअर, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या, शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही क्रमांक घेतले आणि ब्रिटिश कारखानदारांचे डोळे उघडले. गिअर ही चैन नसून गरज आहे हे त्या एका डोंगराने पटवलं. त्याच वर्षी सरावात ग्लेन हेलनजवळ व्हिक्टर सरिज हा तरुण मेला. या स्पर्धेतला पहिला मृत्यू तो.

भाच्याच्या गाडीतून आम्ही अख्खी फेरी मारली, सकाळी सकाळी, रस्ता खुला असताना. सुरुवात डग्लसमधल्या ग्लेनक्रचरी रोडवरच्या ग्रँडस्टँडपासून. समोर प्रेक्षकांची गॅलरी, पलीकडच्या बाजूला कबरस्तान. हे मुद्दाम केलेलं नाही, पण डोळ्यांत खुपतंच. लगेच ब्रे हिल. उतारावर दोन्ही बाजूंना घरं, पडदे, कुंड्या, एका दारात दुधाच्या बाटल्या. आम्ही इथून चाळीसने उतरलो. शर्यतीत अडीचशेच्या वर उतरतात. मग युनियन मिल्स, ग्रीबा, बॅलाक्रेन, झाडांच्या बोगद्यातला ग्लेन हेलन, कर्क मायकेलची अरुंद गल्ली. बॅलॉ गावात एक कुबडवाला पूल आहे, तिथे गाड्या चक्क हवेत उडतात. सल्बीचा लांबलचक सरळ पट्टा, रॅम्झी शहराचा पार्लमेंट स्क्वेअर, आणि तिथून चढ. गूजनेकनंतर झाडं संपतात. वर नुसता वारा, मेंढ्या आणि धुकं. उतरताना क्रेग-नी-बा नावाची खानावळ लागते आणि खाली डग्लसची खाडी दिसते. ही वाट पाठ व्हायला रायडरांना तीन वर्षं लागतात असं इथे म्हणतात. मला ते कमीच वाटलं. कुठलं वळण आंधळं आणि कुठलं उघडं हे मला परतीच्या बोटीवर नकाशा पाहूनही आठवेना.

आम्ही उतरलो होतो ते एका आजीबाईंच्या घरी. त्या दिवसांत हॉटेलं पुरत नाहीत, म्हणून बेटावरचे लोक घरातल्या खोल्या रीतसर भाड्याने देतात. या बाईंनी पन्नासच्या दशकापासून एकही टीटी चुकवलेली नाही. मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाटते की. म्हणून तर सगळे परत येईपर्यंत मी रेडिओ बंद करत नाही." आणि माझ्या ताटलीत पीलच्या बंदरावरचा धुरी दिलेला हेरिंग मासा वाढला. इथे किपर म्हणतात त्याला. आपल्या सुक्या बांगड्याची सवय असलेल्या माणसाला तो पहिल्या घासातच आपला वाटतो.

मी कबूल करतो, शर्यत तितकीशी 'दिसत' नाही. रायडर एकत्र सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांनी एकेक सुटतो. लढाई घड्याळाशी. त्यामुळे तुमच्या समोरून पहिला गेलेला पहिला असेलच असं नाही, आणि कानाला रेडिओ नसेल तर तुम्ही अडाणीच. रस्ता बंद झाल्याची गाडी फिरून गेली की आतले आत, बाहेरचे बाहेर. आम्ही ब्रॅडनच्या चर्चच्या आवारात बसलो. तिथे चर्चच्या बायका केक आणि चहा विकतात, पैसे चर्चला. मग सुन्न शांतता. मार्शलने शिट्टी फुंकली. लांबून एक गुणगुण आली, आणि गुणगुणीचा अर्थ लागायच्या आत काहीतरी रंगीत समोरून फाटत गेलं. वाऱ्याचा झोत अंगावर आला तो गाडी गेल्यावर. माझ्या हातातला केक तसाच राहिला. दुसरी गेली, तिसरी गेली, आणि तोंडातून मराठीत जे निघालं ते छापण्यासारखं नाही. टीव्हीवर वेग सपाट दिसतो. इथे रस्त्याचा खड्डा न् खड्डा गाडीला थरथरवतो, आणि रायडर ती थरथर अंगावर घेत, गुडघा फुटपाथच्या कडेपाशी नेत वळतो.

या शर्यतीने दुचाकीचा इतिहास घडवला हे वाक्य फार वापरलं जातं, पण होंडाच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. मार्च 1954 मध्ये सोइचिरो होंडाने जाहीर केलं की आपली कंपनी टीटीत उतरणार. जूनमध्ये तो स्वतः इथे आला. जर्मन एनएसयू गाड्यांची ताकद पाहून त्याचे डोळे पांढरे झाले. तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून त्या त्याच्या गाड्यांच्या कित्येक पट जोर काढत होत्या. तो परत गेला आणि पाच वर्षं गप्प राहिला. 1959 मध्ये होंडाचा संघ आला. 125 सीसीच्या शर्यतीत नाओमी तानिगुची सहावा आला आणि सांघिक बक्षीस होंडाने नेलं. लोक कौतुकाने हसले. 1961 मध्ये 125 आणि 250 या दोन्ही शर्यतींत पहिले पाचही क्रमांक होंडाचे. हसू थांबलं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात हिरोबरोबर येऊन गावोगावची दुचाकी बदलून टाकणारी होंडा ती हीच.

1957 च्या सुवर्णमहोत्सवी वर्षी स्कॉटलंडच्या बॉब मॅकिन्टायरने गिलेरावर पहिल्यांदा ताशी शंभर मैलांच्या सरासरीची फेरी मारली. पण जुन्या जाणत्यांना विचाराल तर ते 1967 ची सीनिअर सांगतील. होंडावर माइक हेलवुड, एमव्ही ऑगस्टावर इटलीचा जाकोमो ॲगोस्टिनी. होंडात ताकद प्रचंड, वळणावर मात्र बेभरवशाची, एमव्ही आज्ञाधारक. दोघं सेकंदांच्या फरकाने भांडत राहिले आणि ॲगोस्टिनीची चेन तुटली. हेलवुडने त्या दिवशी केलेला 108.77 मैलांचा फेरीचा विक्रम 1975 पर्यंत टिकला. आजीबाई तेव्हा तरुण होत्या. ॲगोस्टिनी फार देखणा होता, एवढीच त्यांची या शर्यतीवरची टिप्पणी.

आता पडतीची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 1949 मध्ये मोटारसायकलची जागतिक अजिंक्यपद मालिका सुरू झाली तेव्हा तिची पहिली फेरी इथेच झाली. म्हणजे जगज्जेता व्हायचं तर मॅनला येणं भागच. इच्छा असो वा नसो, गुणांसाठी या भिंतींमधून पळायचं. जून 1972 मध्ये डोंगरावर, पावसात, 125 सीसीच्या शर्यतीत इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती मेला. तो ॲगोस्टिनीचा मित्र. ॲगोस्टिनीने त्याच दिवशीची सीनिअर जिंकली आणि पुन्हा इथे येणार नाही असं सांगून टाकलं. इतर बडे रायडरही दूर राहू लागले. 1976 नंतर टीटीचा जागतिक दर्जा गेला. 1977 पासून ब्रिटिश ग्रांप्री सिल्व्हरस्टोनला हलली. बेटावर सुतक पडलं म्हणतात. माझ्या मते ती शिक्षा नसून सुटका होती. दर्जा असता तर आणखी चार-दोन नामवंत मेले की टीटी कायमची बंद पडली असती. दर्जा गेल्यावर इथे यायची सक्ती उरली नाही. आता जो येतो तो स्वतः ठरवून.

आणि लगेच पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, कोण आलं? हेलवुड. अकरा वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, मोटारींच्या अपघातात दुखावलेला पाय घेऊन. डुकाटीवर बसून फॉर्म्युला वन गटाची शर्यत जिंकून गेला. इतकी माणसं त्याला पाहायला आली की दर्जाचं दुःख बेट विसरलं.

डोंगरावर बंगलो नावाचा थांबा आहे. शिखराकडे जाणारी विजेची छोटी गाडी तिथे रस्ता ओलांडते. तिथे जोई डनलपचा पुतळा आहे, होंडावर बसलेला, नजर वाटेवर. उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमनीचा हा पबवाला. 1977 ते 2000 या काळात 26 वेळा टीटी जिंकला. शर्यती नसल्या की व्हॅनमध्ये कपडे आणि धान्य भरून एकटाच रोमेनियातल्या अनाथाश्रमांना पोचवायला जायचा. भाषणं जमायची नाहीत, कपडे मळके, गाडीचं इंजिन मात्र स्वतः खोलणार. 2000 मध्ये अठ्ठेचाळीसाव्या वर्षी एका आठवड्यात तीन शर्यती जिंकला, आणि महिन्याभरात एस्टोनियात टॅलिनला एका साध्या स्पर्धेत झाडावर आदळून गेला. धाकटा भाऊ रॉबर्ट 2008 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या एका शर्यतीच्या सरावात गेला. दोन दिवसांनी त्याचा मुलगा मायकेल त्याच ठिकाणी शर्यतीत उतरला आणि जिंकला. मायकेलचा भाऊ विल्यम 2018 मध्ये गेला. काकाचा 26 चा विक्रम याच मायकेलने 2024 मध्ये मोडला. हे ऐकून आपल्या माणसाला काय वाटतं ते मी जाणतो, मलाही तेच वाटलं. त्या घरातल्या बायकांचं काय, हा प्रश्न पुतळ्यासमोर मनातून हटत नाही, आणि बेटावरची कुठलीही पाटी त्याचं उत्तर देत नाही.

संध्याकाळी डग्लसच्या किनाऱ्यावर चिप्स, चीज आणि ग्रेव्ही असं एकत्र कालवलेलं इथलं खास खाणं घेऊन बसलो असताना भाच्याने वाद काढला. "मामा, अडीचशेच्या वर माणसं मेलीत या वाटेवर. एकट्या 2022 च्या टीटीने सहा स्पर्धक नेले. तरी चालू ठेवतात. तुला पटतं?"

"तुला?"

"मला पटत नाही. पण मी दरवर्षी येतो."

माझं मत त्याच्याइतकं गोंधळलेलं नाही. मला पटतं, आणि पटण्याचं कारण तो बंद रस्ता. शेकडो मार्शल, सगळे बिनपगारी, सकाळपासून वळणावळणावर उभे असतात. हेलिकॉप्टर तयार. या वाटेवर पाय ठेवायचा तर आधी दुसरीकडे शर्यतींत हात सिद्ध करावा लागतो, नवख्यांना वाट शिकवली जाते, आणि धुकं उतरलं तर सगळं रद्द. हजारो प्रेक्षक ओलेचिंब होऊन निमूट घरी जातात. 2001 मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकुताची साथ इंग्लंडात पसरली तेव्हा बेटावरच्या शेतकऱ्यांसाठी अख्खी टीटी रद्द केली होती. जिवाची जोखीम ज्याची त्याने घेतलेली, दुसऱ्या कुणावर लादलेली नाही. रात्री दीड वाजता आपल्या रस्त्यांवर सायलेन्सर काढून बाइक उडवणाऱ्यांनी समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याची संमती कधी घेतली होती?

परतताना ग्रँडस्टँडमागच्या तंबूंत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन पाहिलं. पांढरी नॉर्टन दिसली, तशाच गाडीवर 1992 मध्ये स्टीव्ह हिस्लॉपने कार्ल फोगर्टीला साडेचार सेकंदांच्या आत हरवून सीनिअर जिंकली होती. 1961 नंतर नॉर्टनला सीनिअर मिळाली ती तेव्हा. 1907 च्या पहिल्या टीटीत दोन सिलिंडरचा गट जिंकणारी ही कंपनी 2020 पासून तमिळनाडूच्या टीव्हीएसच्या मालकीची आहे. 1908 मध्ये ट्रायम्फवर जॅक मार्शल जिंकला होता. त्या ट्रायम्फच्या 400 सीसीच्या गाड्या 2023 पासून बजाज आपल्या चाकणला बनवते. हे मी शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाला सांगितलं. त्याने टोपी मागे सरकवली आणि विचारलं, चांगल्या बनवतात का? म्हटलं, ॲव्हरेज उत्तम देतात.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा मॅनलाही चालतो. बोट हेशमहून पावणेचार तासांची, पण टीटीच्या दिवसांतली जागा आणि राहायची खोली आदल्या वर्षीच धरावी लागते. पहिला आठवडा सरावाचा, दुसरा शर्यतींचा. गर्दी नको असेल तर सरावाचा आठवडा बरा, गाड्या त्याच, वेग तोच. छत्रीपेक्षा रेनकोट घ्या आणि कानात घालायला छोटा रेडिओ. त्या दिवसांत डोंगराचा रस्ता एकदिशा असतो आणि बेटाच्या बऱ्याच भागात वेगमर्यादाच नाही. भाड्याची बाइक मिळाली तरी तिथे आपलं कसब आजमावू नका. शिखराकडे जाणाऱ्या विजेच्या छोट्या गाडीने जा, बंगलोला उतरा, आणि गवतावर बसून पाहा.